बोल्टातल्या अक्षता

आमच्या गावातल्या घरात एकाही दाराची कडी वाजत नाही. पुढचं दार, मागचं दार, न्हाणी, अगदी गोठ्याचं फाटकसुद्धा. आईनं सगळ्या कड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून ठेवल्यात, आणि त्या झिजल्या की ती नव्या गुंडाळते. लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा राहायला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "यांना थंडी वाजते का गं?" मी हसले होते. आईला आपटल्याचा आवाज सहन होत नाही, एवढंच मला माहीत होतं. का होत नाही हे मी कधी विचारलं नाही. आपल्या आईच्या खोडी आपण विचारत नाही, नवऱ्याच्या मात्र सगळ्या विचारतो.

बैठकीच्या भिंतीवर बाबांची रायफल होती. फौजेनं मोडीत काढलेली, पुढे कुणीतरी नळी बदलून साध्या काडतुसावर चालणारी केलेली. नेरडीगोंड्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव, आणि गावाला चिकटून जंगल. जोंधळा कणसावर आला की रानडुकरं यायची, म्हणून बाबांनी लायसन काढून ती घेतली होती. मी आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, तेव्हा एवढं समजावून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अशा रायफलला बोल्ट असतो. त्याची मूठ वर उचलून मागे ओढली की उडालेलं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलली की नवं काडतूस आत जातं. मग मूठ खाली दाबून बसवायची. ती बसली तरच बार होतो. नाही बसली, तर ती रायफल आणि काठी यांत काही फरक नाही.

आमच्या रायफलची मूठ बसलेली नव्हती. बोल्ट पुढे गेलेला आणि मूठ अर्धवट वर, अशी ती वर्षानुवर्षं तिथं टांगलेली होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. दर वेळी तिथला शिपाई मूठ धरून हिसडा द्यायचा, "जाम है" म्हणायचा आणि चिठ्ठी बांधून तिला कोपऱ्यात उभी करायचा. बाबा शेजारी उभे असायचे. रिकामी आहे का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बिघडून राह्यली, सायेब. कामाची नाई." प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, पण सरकारी माणसाला उत्तर मिळाल्याशी मतलब.

ती कशी बिघडली याची आमच्या घरात एक गोष्ट आहे, आणि ती आईची आहे. मी त्या वेळी होस्टेलात होते. खंडेनवमी-दसरा नुकता झाला होता. सालदार गडी सणाला त्याच्या गावी गेलेला, म्हणून बाबांची भाकर घेऊन आई स्वतःच शेतात निघाली. दिवस मावळलेला. धुऱ्यानं, बांधाबांधानं, वळसा घालायचा सोडून ती सरळ जोंधळ्यातून घुसली. बाबा राखणीच्या माळ्यावर बसलेले. त्यांना कणसं हलताना दिसली, डुक्कर समजून त्यांनी बार टाकला. गोळी आईच्या बाजूनं धाटं तोडत गेली.

"आन् दुसरी माह्यावरच येनार होती," आई सांगायची. "पन यायनं मले चालीवरून वळखलं. अंधारात. बंदूक खाली ठेवली आन् धावत आले."

ही गोष्ट आईनं किती बायकांना सांगितली असेल, देव जाणे. जावांना, शेजारणींना, मुधोळच्या माहेरच्या सगळ्या गोतावळ्याला. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाचा बोलत नाही. आईचा नवरा तिला अंधारात नुसत्या चालीवरून ओळखतो. ते सांगताना ती पदर सारखा करायची. आयुष्यभरात तिनं मिरवलेली ही एकच गोष्ट. दागिन्यांचं तिला कधी फारसं कौतुक नव्हतं.

दागिन्यावरून आठवलं. त्या दिवाळीत बाबांनी तिला घुंगरांचे पैंजण आणले. साधे नव्हेत, भरगच्च घुंगरांचे, नव्या नवरीलाही लाज वाटावी असे. आणि ते काढायचे नाहीत असा हुकूम. गावात चेष्टा झाली. एक चुलत आजी तर तोंडावर म्हणाली, "म्हातारपनी नाचाले लावलं का वो तुमाले?" आई लाजली, पण तिनं ते घातले. ती पाणी भरायला निघाली की अख्ख्या आळीला कळायचं. बाबा ओट्यावर डोळे मिटून पडलेले असले तरी तो आवाज लांब गेला की मान वळवायचे. मला वाटायचं, काय हे प्रेम! थोडा हेवाही वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. आदिलाबादच्या दवाखान्यात शेवटचे काही दिवस होते, मी आणि आई दोघी जवळ. त्यांना फारसं बोलता येत नव्हतं. एका दुपारी आई चहा आणायला खाली गेली. ती गेल्याबरोबर बाबांनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर अजून आहे हे बघून मी दचकले.

"तिच्यात एक हाय अजून," ते म्हणाले.

"कशात, बाबा?"

"बंदुकीत. बसली नाई मूठ. मी लय दाबली."

मग ते दाराकडे बघत राहिले. आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

मला ते लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. आत काडतूस असेल तर बाबांनी पहिल्या बारानंतर बोल्ट ओढला होता, दुसरं काडतूस भरलं होतं आणि मूठ दाबत होते. म्हणजे त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. जोंधळ्यातल्या त्या हलणाऱ्या जागेवर ते दुसरा बार टाकायला निघाले होते. आईला तिच्या नवऱ्यानं वाचवलं नव्हतं, एका अडकलेल्या लोखंडानं वाचवलं होतं. आणि आईजवळ आता त्या एका गोष्टीशिवाय राहिलं काय होतं? पैंजणही तेराव्याला बायकांनी उतरवून घेतले होते. मी त्यावर भांडले. कोण ऐकतं! आईनं ते रायफलच्या खिळ्यालाच अडकवून ठेवले.

त्यानंतर त्या घरात मला झोप लागेना. पंख्याचा वारा लागला की घुंगरू किंचित वाजायचे, आणि मी आधी आईकडे बघायचे, मग रायफलकडे. त्या नळीखाली आम्ही जेवलो होतो. नात्यातल्या पोरांनी ती खांद्यावर घेऊन फोटो काढले होते. किती शिपायांनी तिला हिसडे दिले होते. मला ती अर्धवट उठलेली मूठ बघवेना. बाबा अजून ती दाबतायत असं वाटायचं.

आणि मग ठाण्यातून फोन आला. लायसनवाला माणूस गेल्यावर हत्यार जमा करावंच लागतं, त्यात नवल नाही. पण आता तिथं नवीन साहेब आले होते. "मॅडम, बोल्ट खोलके लाना," पलीकडचा म्हणाला. "बंद हत्यार साब नै लेते." मी म्हटलं, तुमचा माणूस पाठवा. तो म्हणाला, बंदुकीचा मिस्त्री जिल्ह्याला एकच आहे, कधी येईल सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. परका माणूस येणार, ओट्यावर गर्दी जमणार, आणि तो सगळ्यांसमोर ते काडतूस काढून दाखवणार. त्यापेक्षा मीच उघडते, काडतूस असलं तर गुपचूप काढते, आणि आईला सांगते, रिकामी होती. असा माझा बेत होता. हे शहाणपणाचं काम नव्हतं, पण आमच्या घराण्यात शहाणपणाला उशिराच बोलावतात.

एका रविवारी दुपारी आई बतुकम्माच्या सणाची फुलं द्यायला-घ्यायला गल्लीत गेली. तेलुगू शेजारणींशी तिचं गूळपीठ आहे. गेली की तासभर परतत नाही. मी मागच्या अंगणात मातीच्या ढिगाकडे नळीचं तोंड करून रायफल बाजेवर ठेवली, खाली जुना पेपर अंथरला, आणि कामाला लागले. बोल्टाच्या सगळ्या फटींत आदल्या दिवशीच मोटारीचं डिझेल सोडून ठेवलं होतं. आईला म्हटलं होतं, गंज काढतेय. आता शिलाई मशीनचं तेल, जुना टूथब्रश आणि कडुनिंबाच्या टोकदार काड्या घेऊन मी तो थर खरवडायला लागले.

मला वाटलं होतं गंज निघेल. निघालं ते लालसर काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं. काडीवर घेऊन वास घेतला. डिझेलच्या आत कुठंतरी तिळाच्या तेलाचा जुना, खवट वास होता. कुंकू होतं ते. तेलात कालवलेलं हळदी-कुंकू, एकावर एक. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आता फवारणीचा पंप आणि मोटारसायकलसुद्धा. रायफल पाटावर ठेवून, जाम होण्याआधी बोल्ट उघडून आणि नंतर तसाच, त्याला तेलाचं बोट, हळदी-कुंकू आणि वर अक्षता. दुसऱ्या कुणी असलं काही यंत्रात घातलं असतं तर मी वर्गात त्याची लाज काढली असती. आमच्या घरात मीच ते दरवर्षी हात जोडून बघत आले.

आणि मग काडीच्या टोकाला एक अख्खा तांदूळ आला.

मग आणखी. मूठ खाली वळते तेव्हा बोल्टाचा कान ज्या खाचेत जाऊन बसतो, ती खाच अक्षतांनी गच्च भरली होती. वरचे दाणे पिवळे, ओळखू येणारे. खालचे तेलात मुरून दगड झालेले. मी एकेक उकरून पेपरवर टाकत गेले, आणि टाकता टाकता मला दिसायला लागले ते बाबा. आधी पूजा आई करायची. मी होस्टेलातून परत आले त्या वर्षापासून ती बाबा करायला लागले होते. बाकीच्या हत्यारांवर ते अक्षता नुसत्या उधळायचे. रायफलशी मात्र खाली वाकायचे, आईला म्हणायचे, "तुह्या हातानं दे," आणि तिच्या चिमटीतून घेतलेल्या अक्षता त्या एका खाचेत बोटानं दाबून भरायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा पूजेत किती बारकावे पाळतो. त्या वर्षी आईनं वाहिलेल्या अक्षता पहिल्या बारानंतर बोल्ट ओढताना याच खाचेत सरकल्या असणार. एवढी वर्षं ते कुणाची पूजा करत होते हे मला आत्ता कळत होतं.

खाच मोकळी झाली तरी मूठ हलेना. मी लाटण्याला फडकं गुंडाळलं आणि मुठीवर खालून वर हळूहळू ठोकायला लागले. खट्. थोडं थांबून परत खट्. लोखंड आतून जरासं सुटल्यासारखं वाटलं, म्हणून मी जोर वाढवला. खट्, खट्, खट्.

मागं भांडं पडल्यासारखा आवाज झाला. वळून बघते तर आई. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. फुलांचं ताट पायाशी सांडलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "थांबव थे."

मी लाटणं टाकलं आणि तिला धरून बाजेच्या कडेला बसवलं.  ती माझ्याकडे बघत नव्हती, रायफलकडे बघत होती.

"असाच वाजत होता," ती म्हणाली.

"काय वाजत होतं?"

"थे. वर, माळ्यावर. पयली गोळी गेली आन् मी उभीच राह्यली. तोंडातून शबूद निघंना. वरून आवाज येऊन राह्यला होता. खट्, खट्. हाताच्या तळव्यानं मारून राह्यले होते त्याले, खाली बसंना म्हनून. मले कळत होतं थे काय करून राह्यले. बंदूक म्या रोज पायली होती घरात. हाक माराची होती, पन निघंना, बापा. मंग हातातला ताकाचा तांब्या पडला गोट्यावर. त्यो वाजला, तवा थांबला आवाज."

 मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"हाव."

"मग ती गोष्ट? चालीवरून ओळखलं ती?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "थे आले तवा उलट्या करून राह्यले होते. पाय धरले माहे. जोंधळ्यात पडून राह्यले, उठंनात. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. मी काय करू सांग? मी म्हनलं, तुमी मले चालीवरून वळखलं, म्हनून वाचली मी. माह्या तोंडाकडं पायत राह्यले आन् म्हनले, हाव. मंग मी समद्यायले तेच सांगतलं. इतक्या खेपा सांगतलं का त्यायलेबी खरं वाटाव."

म्हणजे ज्या गोष्टीला मी जपायला निघाले होते, ती आईनंच रचली होती. बाबांना विहिरीच्या काठावरून उठवायला. मी खाली बघितलं. ठोकण्यानं मूठ सुटली होती. मी ती दोन बोटांनी धरून मागे ओढली. बोल्ट कुरकुरत मागे आला, आणि त्याच्या नखात अडकून ते काडतूसही आलं. पितळेवर हिरवा थर चढलेला. बुडाची टिकली मात्र गुळगुळीत, ठोका न पडलेली. आईनं हात पुढे केला. मी ते तिच्या तळहातावर ठेवलं.

आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी तिला दवाखान्यातली ती दुपार सांगितली. बाबांनी माझं मनगट धरलं ते, आणि काय म्हणाले ते, शब्द न बदलता.

आईनं काडतूस हातात एकदा फिरवलं. मग म्हणाली, "मी कुठं होती तवा?"

"चहा आणायला खाली गेली होतीस."

"चहा," ती म्हणाली. "मी चहाले गेली होती." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "मले सांगाचं होतं ना. मी म्हनली असती, मले मालूम हाय. एवढंच म्हनाचं होतं मले. तेवढंच राह्यलं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला बाबांचा राग आला, आणि आईचाही. एका चुलीपाशी जेवणारी दोन माणसं, एकानं दुसरीच्या पायात घुंगरू बांधायचे, दुसरीनं घरभर कड्यांना चिंध्या बांधायच्या, आणि बोलायचं कुणीच नाही. मग वाटलं, मी तरी दुसरं काय करणार होते? रिकामी होती असं सांगणार होते. याच घरातली मुलगी मी.

आईनं डोळे पुसले. काडतूस बाजेवर ठेवलं, आणि पेपरवरच्या अक्षता चिमटी-चिमटीनं वेचून पदराच्या टोकात बांधायला लागली. पिवळ्या, काळ्या, सगळ्या. डिझेलनं पदर खराब होतोय हे मी सांगितलं नाही. मी बोल्ट पूर्ण बाहेर काढला, पुसला, खाच कोरडी केली, तेलाचं बोट फिरवलं आणि तो परत बसवला. आता तो मागे-पुढे विनासायास सरकत होता. उद्या ठाण्यात नेऊन द्यायला तयार.

"एकदा बंद करून दाखव," आई म्हणाली.

"कशाला, आई?"

"दाखव. त्यायनं जे कराचं होतं थे पाहू दे मले."

मी आत बोट घालून रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली. नळी मातीच्या ढिगाकडेच होती. आईनं डोळे मिटले, पदराची गाठ मुठीत धरली आणि कान दिला. मी बोल्ट पुढे ढकलला आणि मूठ खाली दाबली. ती लोण्यात बोट जावं तशी गेली आणि जागच्या जागी बसली.

आई तशीच बसून होती, डोळे मिटून, वाट बघत.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिनं डोळे उघडले. मुठीकडे बघितलं, मग हातातल्या गाठीकडे.

"आवाजच नाई आला," ती म्हणाली. "मले तर कळलंबी नसतं."

मी रायफल खाली ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.